‘चांगला’ ट्यूमर

दर रविवारी माझा धाकटा भाऊ बेलापूरच्या दिवाळे गावातून मासळी घेऊन आमच्याकडे वाशीला येतो. मागच्या पावसाळ्यात एकदा त्याने बांगड्यांची ओली पिशवी थेट माझ्या लेकीच्या कागदांवर ठेवली.

“मामा, अरे पेपर आहे तो!”

“म्हणून तर वर पिशवी ठेवली.”

“वर्तमानपत्र नाही रे. रिसर्च पेपर. उद्या मला सगळ्यांसमोर त्याच्यावर बोलायचंय.”

कागद पंख्याखाली वाळत घातले. ते वाळेपर्यंत भावाने चष्मा लावून शीर्षकं वाचून काढली, आणि तिथून जे सुरू झालं ते जेवण, भांडी, चहा असं सगळं उरकेपर्यंत संपलं नाही. जमेल तसं ते उतरवून ठेवते आहे. मी आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलं, त्यामुळे विज्ञानात चूक झाली तर ती माझी, आणि भांडणात मीठ कमी-जास्त पडलं असेल तर तेही माझंच.

भाऊ बत्तीस वर्षं रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट होता. म्हणजे रुग्णाला मशीनखाली नेमक्या जागी झोपवायचं, डॉक्टरांनी आखलेला किरणांचा डोस मिलिमीटर न चुकवता द्यायचा. आपल्याकडचे रुग्ण त्याला ‘शेक’ म्हणतात, ‘लाइट’ म्हणतात, हिंदी पट्ट्यातले ‘सिकाई’. लेक पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात आहे. तिचा विषय: कॅन्सरची पेशी जागा सोडून शेजारच्या ऊतींत शिरते ती कोणाच्या सांगण्यावरून. भाऊ आयुष्यभर पेशी मारत आला, लेक पेशींचं बोलणं ऐकत बसते. दोघांचं पटणार कसं?

वाळत घातलेले पेपर दोन होते आणि दोन्ही खारघरचेच, टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेकमधले. पांडवकड्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी सेक्टर २२ मध्ये साठ एकरांत पसरलेली ही संस्था. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटचा संसार २००२ मध्ये इथे हलला. रिक्षावाल्यांच्या लेखी मात्र ते आजही नुसतं ‘टाटा’.

पहिला पेपर २०१५ चा, नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेतला. दुसरा २०२२ चा, तेजपाल गुप्ता आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांचा. विषय एकच, मेड्युलोब्लास्टोमा: लहान मुलांच्या लहान मेंदूत होणारी गाठ. सकाळी उठल्या उठल्या उलट्या, डोकेदुखी, चालताना तोल जाणं, अशी तिची सुरुवात.

“वाच ना शीर्षक मोठ्याने,” भाऊ म्हणाला. “विंट गटाच्या कमी जोखमीच्या मुलांना सुरुवातीला डोकं आणि कण्याचा शेक दिला नाही, तर आजार मेंदू-कण्यात पसरण्याचा धोका न पत्करण्याइतका मोठा. हे शीर्षक नाही, कबुलीजबाब आहे. तुमच्या पेशींच्या नकाशाने सांगितलं ही गाठ गरीब आहे, आणि गाठीने तो नकाशा वाचलेलाच नव्हता.”

“मामा, तू शेवट आधी वाचलास,” लेक म्हणाली. “आधी गाठीला गरीब का म्हटलं ते तरी ऐक.”

मग तिने मला समजेल असं सांगायला घेतलं. मामाला ऐकवण्यासाठी आईला पुढे करायची तिची जुनी युक्ती आहे.

मेड्युलोब्लास्टोमा ही एक गाठ नाही, चार आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याचदा सारख्याच दिसतात, पण आत कोणता संदेशमार्ग बिघडला आहे त्यावरून गट पडतात: विंट, सॉनिक हेजहॉग, गट तीन, गट चार. (विंट या नावात पंख नसलेली माशी लपलेली आहे, आणि सॉनिक हेजहॉग हे व्हिडिओ गेममधलं पात्र. शास्त्रज्ञांना बारशाला बसवू नये.) संदेशमार्ग म्हणजे पेशीच्या बाहेर आलेला निरोप आतल्या जनुकांपर्यंत हातोहात पोहोचवणारी प्रथिनांची साखळी. वाढ, थांब, सरक, चिकटून रहा, हे सगळे निरोप अशाच साखळ्यांतून जातात.

“विंटमध्ये नेमकं काय बिघडतं?” मी विचारलं.

“आपल्या मागचा होल्डिंग पाँड आठव.”

वाशीकरांना हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. नवी मुंबईचा बराच भाग खाडीच्या पातळीला टेकलेला. म्हणून सिडकोने जागोजागी धारण तलाव खणले आणि खाडीच्या तोंडाशी झडपा बसवल्या. भरतीला झडप मिटते, पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटीला झडप उघडते, पाणी निघून जातं. गाळ साचला, झडप अडकली, की पाणी घरात.

“बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन पेशीत सतत तयार होत असतं,” लेक म्हणाली, “आणि सतत मोडलंही जातं. येतं तेवढं जातं म्हणून पातळी खाली राहते. विंट गाठीत त्या प्रथिनाच्या जनुकातच असा बदल झालेला असतो की मोडणाऱ्या यंत्रणेला ते ओळखूच येत नाही. झडप अडकली. प्रथिन साचत साचत पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि नको ती जनुकं चालू करून ठेवतं. पॅथॉलॉजीत रंगवलं की केंद्रकं तपकिरी दिसतात.”

“पाणी घरात शिरलं म्हणजे वाईटच की.”

“इथेच गंमत आहे, आई. चार गटांत सगळ्यात चांगली मुलं हीच. उपचारानंतर शंभरातली पंचाण्णवहून जास्त वाचतात.”

“उपचारानंतर,” भाऊ कांदा कापता कापता म्हणाला. नुसता तेवढाच शब्द. तो शब्द मी तेव्हा सोडून दिला.

२०१५ चा पेपर नेमका याच कोड्यावर आहे. विंट गाठींत काही मायक्रोआरएनए इतर गटांपेक्षा खूप जास्त सापडतात. मायक्रोआरएनए म्हणजे जनुकाच्या निरोपावर बसून तो दाबून टाकणारे चिमुकले तुकडे. त्यातला एक, मिर-१४८ए, शिरसाटांच्या गटाने उचलला आणि ज्या मेड्युलोब्लास्टोमा पेशींत तो नव्हता त्यांत घातला. पेशींची वाढ मंदावली, आक्रमण घटलं, उंदरांत गाठी करण्याची ताकद कमी झाली. पुढे शोधलं तर हा तुकडा न्यूरोपिलिन-१ नावाच्या प्रथिनाचा निरोप दाबत होता. न्यूरोपिलिन पेशीच्या अंगावर बसून बाहेरचे दिशादर्शक निरोप झेलतं. गर्भात मज्जातंतूंना वाट दाखवण्याच्या कामीही तेच येतं. संशोधकांनी न्यूरोपिलिन परत दिलं, आणि पेशी पुन्हा शिरू लागल्या.

“म्हणजे चोर सापडला, त्याला सोडून पाहिलं, त्याने पुन्हा चोरी केली,” मी म्हटलं.

“अगदी! याहून स्वच्छ पुरावा काय हवा?”

“शिरू लागल्या म्हणजे कुठे शिरू लागल्या?” भावाने विचारलं.

लेक जरा थांबली. “मॅट्रिजेलमधून.”

मॅट्रिजेल हे तिचं रोजचं दुखणं. प्रथिनांचा एक चिकट लगदा, तुपाच्या अगदी उलट स्वभावाचा: थंडीत पातळ, उबेत घट्ट. त्यामुळे सगळं बर्फावर करायचं, पिपेटची टोकंसुद्धा आधी गार करून ठेवायची. बारीक भोकांच्या पडद्यावर त्याचा थर द्यायचा, वर पेशी सोडायच्या, आणि किती पेशी थर खाऊन भोकांतून खाली उतरल्या ते दुसऱ्या दिवशी मोजायचं.

“बरं,” भाऊ म्हणाला. “आता मी माझा थर सांगतो. मेड्युलोब्लास्टोमाची पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यात सुटते आणि त्या पाण्याबरोबर कण्यापर्यंत जाते. तिला भोक खोदायची गरज काय? पोहत जाणाऱ्याला भिंत चढता येत नाही हे तू सिद्ध केलंस.”

मला हसू आलं, लेकीला नाही. पण तिने उत्तर मात्र सरळ दिलं. पाण्यातून वाहत जाणं हा एकमेव रस्ता नाही, असं टोरांटोच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं होतं. दोन उंदरांचा रक्तप्रवाह एकमेकांना जोडला, तेव्हा एकाच्या गाठीतल्या पेशी रक्तातून जाऊन दुसऱ्याच्या मेंदूच्या आवरणावर रुजल्या. आणि रुजण्यासाठी त्यांना सीसीएल-२ नावाचा एक निरोप लागत होता. “वाहत कुठेही जाता येतं, मामा. रुजायला परवानगी लागते. ती संदेशमार्गच देतो.”

“हे मला माहीत नव्हतं,” भाऊ म्हणाला. माझा भाऊ हे वाक्य वर्षातून एकदा उच्चारतो.

जेवताना त्याने त्याची बाजू मांडली, आणि ती मी समजत होते त्याहून गुंतागुंतीची निघाली. मला वाटलं होतं, मशीनवाला माणूस मशीनची बाजू घेईल.

“डोकं आणि कणा, म्हणजे सीएसआय, हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड,” तो म्हणाला. “मुलाचं डोकं हलू नये म्हणून प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करायची आणि चेहऱ्यावर दाबून बसवायची. फार लहान असेल तर रोज भूल. जुन्या मशीनवर एका झोतात डोकं-कणा मावत नाही. डोक्याचं फील्ड वेगळं, पाठीचं वेगळं. दोन्ही जिथे मिळतात तिथे फट राहिली तर गाठ त्या फटीतून डोकं वर काढणार, एकावर एक चढली तर मेरुरज्जू जळणार. म्हणून दर काही दिवसांनी तो सांधा सरकवायचा. माझी झोप ज्या गोष्टींनी उडाली त्यांत तो सांधा पहिला.”

“आणि नंतर?” मी विचारलं.

“आठ वर्षांची एक मुलगी होती. दहा वर्षांनी भेटायला आली, पेढे घेऊन. जिवंत, बारावी पास. हातपाय वयाप्रमाणे वाढलेले, आणि धड आखूड. मणके वाढलेच नव्हते. गणित जमत नाही म्हणाली, वेळ लागतो म्हणाली. मीच झोपवलं होतं तिला मशीनखाली. ताई, तो शेक कमी व्हावा असं माझ्याइतकं कोणाला वाटत असेल?”

कोणीच काही बोललं नाही. बांगड्याचे काटे काढायचं निमित्त होतं, ते बरं झालं.

मग तो म्हणाला, “पण तो शेक आला कुठून ते बघ. गाठ काढली, गाठीच्या जागेला शेक दिला, की मुलं कण्यात आजार घेऊन परत यायची. १९५३ मध्ये मँचेस्टरच्या एडिथ पॅटरसन यांनी सबंध मेंदू-कण्याला किरण दिल्याचे निकाल छापले, आणि मुलं वाचू शकतात हे पहिल्यांदा नीट दिसलं. त्यांच्यापुढे ना विंट होतं ना हेजहॉग. त्यांना एवढंच माहीत होतं की ही गाठ सांडते.”

“आणि त्या दिवसापासून सगळ्या मुलांना तोच शेक,” लेक म्हणाली. “कोणाला गरज होती, कोणाला नव्हती, हे कळायलाच पन्नास-साठ वर्षं गेली. तुझी ती पेढेवाली मुलगी कोणत्या गटातली होती, सांगता येईल?”

त्याला सांगता येणार नव्हतं.

आता तो २०२२ चा अभ्यास. कल्पना साधी आणि, माझ्या मते, सद्हेतूची होती. विंट गटातली मुलं जर इतकी चांगली राहतात, तर त्यांना पूर्ण उपचार देणं म्हणजे अंगणातल्या मुंगीवर रोडरोलर. नेहमी डोकं-कण्याला २३.४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप) आणि गाठीच्या जागी एकूण ५४ ग्रेपर्यंत शेक देतात. इथे डोकं-कण्याचा भाग वगळला. फक्त गाठीच्या जागेला ५४ ग्रे, आणि पुढे केमोथेरपी. निवडलेली मुलंही कमी जोखमीची: गाठ व्यवस्थित काढलेली, कुठेही पसरलेली नाही. मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. तरी त्यांच्यात आजार मेंदू-कण्यातल्या किरण न मिळालेल्या भागांत परत दिसू लागला, आणि डॉक्टरांनी अभ्यास वेळेआधी थांबवला. निकाल झाकला नाही; शीर्षकातच लिहिला.

“तर मग सांग,” भाऊ म्हणाला. “तुझं मिर-१४८ए त्या मुलांच्या गाठीत होतंच ना? विंट आहे म्हणजे असणारच. ते आक्रमण थांबवत होतं ना? मग कण्यावर काय उगवलं?”

लेकीने बराच वेळ उत्तर दिलं नाही. एव्हाना चहा आला होता.

“मामा, विंट गाठीबद्दल आणखी एक गोष्ट आहे. २०१६ ची. मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार घट्ट विणीच्या असतात, औषध सहसा आत शिरू देत नाहीत. विंट गाठीच्या पेशी असे पदार्थ सोडतात की शेजारच्या रक्तवाहिनीतला विंट निरोप बंद पडतो, आणि तिची वीणच उसवते. भोकं पडतात. म्हणून या गाठी ऑपरेशनमध्ये खूप रक्ताळतात, आणि म्हणूनच केमो त्यांच्यात भरपूर उतरतं. गाठ स्वतःच्या घराची कडी काढून ठेवते.”

“म्हणजे ती गरीब नाहीच,” मी म्हटलं. “औषधाला दार उघडते म्हणून मरते.”

“हो. आणि कण्यावर जाऊन पडलेला चार पेशींचा ठिपका, त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतील, तर तिथे औषध तसं उतरत नसेल. हे मात्र माझं डोकं आहे हं, कोणी सिद्ध केलेलं नाही.”

भाऊ कपातला चहा ढवळत होता, साखर घालत नाही तरी. “मी तेच म्हणत होतो मघाशी. उपचारानंतर. तुमचे पंचाण्णव टक्के ज्या मुलांवरून काढले, त्या जवळजवळ सगळ्यांना डोकं-कण्याचा शेक मिळालेला होता. तो आकडा गाठीचा स्वभाव नाही. गाठ अधिक केमो अधिक माझा सांधा, यांची ती बेरीज. बेरजेतली एक रक्कम काढली आणि उत्तर तेच राहील म्हणालात.”

इथे मला भावाचं पूर्ण पटलं, आणि मी मराठीची असल्यामुळे शब्दाच्या अंगाने पटलं. ‘चांगला ट्यूमर’ हे विशेषण गाठीला लावलेलं आहे, पण त्याचा अर्थ वाक्यातल्या दुसऱ्याच शब्दावर टेकलेला आहे. व्याकरणात याला दोष म्हणतात. वॉर्डात तोच दोष मुलाच्या कण्यावर उगवतो.

पण त्याने लगेच पुढची उडी मारली, ती मला पटली नाही. “म्हणून हे संदेशमार्गांचं खूळ मुलांपासून लांब ठेवा. मोठ्यांच्या ग्लायोब्लास्टोमात काय दिवे लावले?”

तो विषय निघाला की लेकीचा चेहरा उतरतो, कारण तिथे मामाची बाजू भक्कम आहे. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मोठ्यांच्या मेंदूतली घातक गाठ, सांडत नाही, झिरपतो. बाल्टिमोरला वॉल्टर डँडी या सर्जनने १९२८ मध्ये काही रुग्णांचा मेंदूचा उजवा अर्धाच्या अर्धा भाग काढल्याचं छापलं, तरी आजाराने त्यांना सोडलं नाही. पेशी आधीच पलीकडे गेलेल्या असतात. मज्जातंतूंच्या जुड्या आणि रक्तवाहिन्यांच्या कडा धरून त्या सरकतात, म्हणजे रस्ते मेंदूचेच वापरतात. त्यांना हाकणारे संदेशमार्ग आता तपशिलात माहीत आहेत. ईजीएफआर हा ग्राहक अनेक गाठींत भरमसाट झालेला. त्याच्यामागे पीआय-३-कायनेजची साखळी, आणि तिचा ब्रेक, पीटेन, अनेकदा तुटलेला. रॅक आणि रो ही प्रथिनं पेशीचा सांगाडा पुढे ढकलतात, मागून ओढून घेतात. एमएमपी नावाची विकरं वाटेतली जाळी कापतात. गाठीच्या आत प्राणवायू कमी पडला की हे सगळं आणखी जोरात. २०१५ मध्ये हायडेलबर्गच्या गटाला दिसलं की या पेशी लांब बारीक नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. २०१९ मध्ये तर कळलं की निरोगी चेतापेशी त्यांच्याशी सिनॅप्स जोडतात. म्हणजे आपण विचार करतो त्या विजेवर गाठही जगते.

“सुंदर,” भाऊ म्हणाला. “आणि ईजीएफआर बंद करणाऱ्या गोळ्या दिल्या?”

“चालल्या नाहीत.”

“पेशीचे हातपाय धरणारं ते सिलेंजिटाइड?”

“२०१४ ला फेल.”

“रक्तवाहिन्या रोखणारं बेव्हासिझुमॅब?”

“आयुष्य वाढलं नाही. काही प्रयोगांत तर रक्तवाहिन्या रोखल्यावर पेशी जास्त शिरताना दिसल्या.”

“आणि काय चाललं? साधा शेक आणि त्याच्याबरोबर टेमोझोलोमाइडची केमो. २००५. निम्मे रुग्ण बारा महिन्यांच्या पुढे जात होते, ते साडेचौदाच्या पुढे जाऊ लागले. अडीच महिने! पण मिळाले ते मिळाले.”

लेकीने पाण्याचा ग्लास ठेवला. “एक झडप मिटली की पाणी दुसऱ्या नाल्याने येतं, मामा. एक मार्ग बंद केला की पेशी दुसरा वापरते. म्हणून एकट्या गोळीने होत नाही. पण एकच नाला आहे अशा गाठीही असतात. आयडीएच जनुक बिघडलेले मंद ग्लायोमा. व्होरासिडेनिब नावाची गोळी, २०२३ चा निकाल. गाठ पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा काळ अकरा महिन्यांवरून साडेसत्तावीस महिन्यांच्या पुढे गेला. ना शेक, ना केमो. कोणाला द्यायची ते कळलं कशावरून? नकाशावरून.”

“एक,” भाऊ म्हणाला.

“एकाने सुरुवात होते.”

मुलांवर प्रयोग करायलाच नको होता, हे त्याचं म्हणणं मला आजही मान्य नाही. तो केला नसता तर ‘चांगला ट्यूमर’ हा शब्द असाच फिरत राहिला असता, आणि कुठेतरी कोणीतरी न लिहिता, न मोजता एखाद्या मुलाचा शेक वगळला असता. अमेरिकेत किरणोपचारच वगळून पाहण्याचा असाच छोटा प्रयत्न झाला, तोही आजार परतल्यामुळे थांबवावा लागला. तिथल्या पुढच्या चाचण्यांनी शेक वगळला नाही, उतरवला: एकीत डोकं-कण्याला २३.४ ऐवजी १८ ग्रे. ॲक्ट्रेकमध्येही पुढचा अभ्यास शेक कमी करण्याचा आखला गेला. ११ मे २०२३ ला खारघरचं प्रोटॉन उपचार केंद्र राष्ट्राला अर्पण झालं. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतात. कण्याला शेक देताना पुढचं हृदय, आतडी बऱ्याच अंशी वाचतात. भावाने ते ऐकून फक्त “सांधा कसा जुळवतात ते बघायला पाहिजे,” असं म्हटलं. त्याच्याकडून ही स्तुतीच.

निघताना त्याने वाळलेले कागद स्वतः गोळा केले. त्यांच्या खाली तिसरा एक पेपर निघाला, २०१३ चा, पुन्हा शिरसाटांच्याच प्रयोगशाळेतला.

“हा कसला?”

“आपल्याकडे ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये घालून मेणात बसवतात. ब्लॉक. त्यात आरएनएचे तुकडे तुकडे होतात, त्यामुळे परदेशी पद्धतीने गट ओळखणं अवघड. मायक्रोआरएनए मुळातच इतके आखूड की मेणातही टिकतात. मग यांनी बारा जनुकं आणि नऊ मायक्रोआरएनए घेऊन, साध्या पीसीआरवर, मेणाच्या ब्लॉकवरून चारही गट ओळखायची चाचणी बनवली.”

भाऊ दारात थांबला. “म्हणजे त्या पेढेवाल्या मुलीचा ब्लॉक कुठे पडून असेल, तर…”

“तर ती कोणत्या गटातली होती ते आजही कळू शकेल.”

तो काही बोलला नाही. मासळीची रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली आणि स्टेशनकडे चालू लागला.

हे लिहायचं खरं कारण तो ब्लॉक. तुमच्या घरात, इमारतीत, शाळेत एखाद्या मुलाचं मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन झालं असेल, तर नुसता रिपोर्ट घेऊन दुसऱ्या रुग्णालयात जाऊ नका. पॅथॉलॉजीतून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. मेड्युलोब्लास्टोमा असेल तर डॉक्टरांना विचारा: गट कोणता, आणि कण्याचा एमआरआय झाला का. कोणी ‘चांगला आहे’ म्हटलं म्हणून ठरलेला शेक आपल्या मनाने टाळू नका. आणि ब्लॉक नेताना उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.